लाइट गेली का?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका मंडळाच्या हॉलमध्ये डोळे तपासणीचं शिबिर होतं. एरवी जिथे कीर्तनं, हळदीकुंकू आणि बेताच्या खर्चातले साखरपुडे होतात, तिथेच सतरंज्या गुंडाळून भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगलेला. तक्त्यापासून टेपने मोजून सहा मीटरवर खडूची रेघ, रेघेवर खुर्ची, खुर्चीमागे बाक आणि बाकावर दहाबारा ज्येष्ठ मंडळी. एका आजोबांची पाळी आली. सत्तरी ओलांडलेली, इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला पेन. उजव्या डोळ्याने त्यांनी खालून दुसरी ओळ वाचली. मग तपासणारी शिकाऊ मुलगी म्हणाली, "काका, आता उजवा झाका." त्यांनी उजवा हात डोळ्यावर ठेवला आणि तीच ओळ त्याच चालीत, त्याच अक्षरापाशी अडखळत वाचून दाखवली. मुलगी कागदावर आकडा टाकणार एवढ्यात मागे बसलेल्या वरिष्ठ बाई उठल्या. "काका, बोटं नकोत. तळवा." असं म्हणत त्यांनी आजोबांचाच हात उचलला, अर्ध्या ओंजळीसारखा खोलगट केला आणि उजव्या डोळ्यावर नीट बसवला. आजोबा गप्प झाले. मग मान जराशी वर करून, घरात कुणाला विचारावं तितक्या सहजपणे त्यांनी विचारलं, "लाइट गेली का?"

वर पंखा फिरत होता.

या प्रश्नाने नंतर बरेच दिवस पिच्छा पुरवला. आजोबा कुणाला फसवत नव्हते. बोटांच्या फटीतून उजवा डोळा वाचत होता आणि शाबासकी डाव्याला मिळत होती, हे त्यांच्या गावीही नव्हतं. दोन डोळ्यांचं एकत्र कुटुंब असतं. एकाची कमाई बंद झाली तरी चूल पेटत राहते, सणवार होतात. शेजारपाजारचं सोडा, घरातल्यांनाही पत्ता लागत नाही. काचबिंदू, डोळ्याच्या नसेचं सावकाश सुकत जाणं, लहानपणापासूनचा आळशी डोळा, ही सगळी दुखणी या कुटुंबाच्या आडोशाला वर्षानुवर्षं बिनबोभाट नांदतात. दुखत नाही, लाल होत नाही, पाणी येत नाही. प्रत्येकाचा वेगळा हिशेब मागितला की मगच उघडकीला येतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात खरं, पण इथे झाकल्यावरच मूठ उघडते.

आणि हे झाकणं इतकं किरकोळ वाटतं की ते कुणी शिकवत नाही. 'डोळा झाका' म्हटलं की माणूस बोटं ठेवतो, आणि दोन बोटांमध्ये फट ही असतेच. तळवा ठेवायला सांगितला तर काहीजण तो इतका दाबतात की बुबुळावर दाब येतो. मग त्या डोळ्याची पाळी आली की दोनतीन मिनिटं सगळं धुरकट दिसतं आणि चांगल्या डोळ्याच्या नावावर उगाच खालचा आकडा लागतो. म्हणून तळवा खोलगट हवा, नाकाच्या दांडीला चिकटलेला, डोळ्याला न टेकलेला. दवाखान्यात त्यासाठी काळी पळी असते, अगदी वरणाच्या डावासारखी. ती नसेल तर पुठ्ठ्याचा तुकडाही चालतो. लांबचा चष्मा असेल तर तो घालूनच वाचायचं आणि कागदावर 'चष्म्यासह' असं लिहायचं, नाहीतर सहा महिन्यांनी तोच आकडा बघून कुणालाच काही उमगत नाही. खरी मेख अशी की बहुतेक नवखे तपासणारे तक्त्याकडे बघत उभे राहतात. तक्ता त्यांना पाठ असतो, त्याच्याकडे बघून काय मिळणार? बघायचं ते खुर्चीतल्या माणसाकडे. मान कलली का, चेहरा हळूच वळून फटीशी आला का, पाठ खुर्ची सोडून पुढे झुकली का, पापण्या बारीक झाल्या का. त्या हॉलमध्ये वरिष्ठ बाईंनी नेमकं हेच केलं होतं. त्यांनी तक्त्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

तक्त्याचं मूळ १८६२ सालचं, हॉलंडमधल्या उत्रेख्तचे डॉक्टर हर्मन स्नेलेन यांचं. हिशेब साधा आहे. निरोगी डोळ्याला जे अक्षर ठरावीक अंतरावरून जेमतेम ओळखू येतं, ते त्या अंतरावर डोळ्याशी ५ मिनिटांचा कोन करतं आणि अक्षराची प्रत्येक रेघ १ मिनिटाचा. मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. त्यामुळे वरचं एकुलतं एक मोठं अक्षर जवळजवळ ९ सेंटिमीटर उंच असतं आणि ६/६ च्या ओळीतलं जवळजवळ ९ मिलिमीटर. ६/१८ म्हणजे निरोगी डोळा जे १८ मीटरवरून वाचतो ते या माणसाला ६ मीटरवरून वाचता आलं. याची टक्केवारी करायला जाऊ नये. ६/१२ म्हणजे 'निम्मी नजर गेली' असं मानून घरी रडारड झालेली आहे. यात सगळ्यात बेभरवशाची वस्तू म्हणजे खुर्ची. आपली माणसं बसण्याआधी खुर्ची पुढे ओढतात, पाहुणचाराची सवय. खुर्ची मीटरभर पुढे सरकली की कागदावरचा ६/६ हा खरं तर ५/६ असतो. खोली लहान असेल तर उलट्या अक्षरांचा तक्ता पेशंटच्या डोक्यावर लावून तीन मीटरवरच्या आरशात वाचायला देतात, तेही चालतं. पण मळलेला तक्ता आणि त्याच्यावर लुकलुकणारी ट्यूबलाइट, हे चालत नाही.

आधी उजवा, मग डावा हा रिवाज. लिहिताना घोळ होऊ नये म्हणून तो बरा आहे. पण एका डोळ्याची तक्रार असेल तर तो आधी घ्यावा, कारण पहिला डोळा वाचेपर्यंत ओळ पाठ झालेली असते. शिबिरात तर ती पाठ व्हायला डोळेही लागत नाहीत. बाकावर बसून दहा जणांकडून तीच ओळ मोठ्याने ऐकली की अकरावा ती मनाच्या श्लोकासारखी म्हणून दाखवतो. मग उलट्या बाजूने वाचायला सांगायचं, मधलंच अक्षर विचारायचं किंवा तक्ता बदलायचा. आजोबांच्या वाचनात बोटांची फट किती आणि बाकावरचं पाठांतर किती, हे आता सांगता यायचं नाही.

बडोद्यात तक्त्याची आणखी एक गंमत आहे. तक्त्यावर गुजराती, बाकावर मराठी. सयाजीरावांनी १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्यामुळे इथल्या जुन्या घरांत लिहितावाचता येणं ही मिरवायची नव्हे, गृहीत धरायची गोष्ट. पण कुठल्या लिपीत? मराठी शाळेतून शिकलेली एखादी आजी गुजराती तक्त्यासमोर बसते आणि 'र' च्या जागी "दोन" म्हणते. तिचं बरोबरच आहे. गुजराती 'र' हुबेहूब आपल्या २ सारखा असतो. तपासणाऱ्याने इथे चुकीची खूण केली तर तो नजर तपासत नाही, शाळा तपासतो. देवनागरी तक्ता दिला तरी शिरोरेखा आड येते. डोक्यावरची सलग रेघ अक्षरं एकमेकांसारखी दिसायला मदत करते. घ आणि ध, म आणि भ, ब आणि व यांत कुणी गल्लत केली तर ती सोडून द्यायची नसते. ओळ संपत आल्याची ती खूण असते, कधी तिरकस नंबराचीही. आणि अक्षरओळख नसलेल्यांसाठी फिरता इंग्रजी 'ई' आहे. तीन दांड्यांचं तोंड कुठल्या बाजूला ते हाताने दाखवायचं. तो देताना आवाज जरा खाली आणावा. "वाचता येतं का?" असं भरल्या हॉलमध्ये विचारलं की बायका "येत नाही" म्हणायच्या ऐवजी "दिसत नाही" म्हणतात. मग डोळे चांगले असलेल्या बाईच्या कागदावर ६/६० चढतं. लाजेचा आकडा कुठल्याही तक्त्यावर छापलेला नसतो.

नजर कमी निघाली की पुढचं साधन म्हणजे भोक पाडलेली काळी चकती, पिनहोल. भोक साधारण सव्वा मिलिमीटरचं. त्यातून फक्त सरळ येणारे किरण आत जातात, भिंगाने वाकवायची गरजच उरत नाही, म्हणून चष्म्याचा दोष असेल तर अक्षरं स्वच्छ होतात. पापण्या बारीक करून बघणारा माणूस घरच्या घरी हेच करत असतो. पिनहोलने सुधारलं तर बव्हंशी चष्म्याचं काम. नाही सुधारलं तर डोळ्यातलं भिंग, आतला पडदा किंवा नस यांच्याकडे बघायला हवं. आणि पिनहोलने नजर आणखी खाली गेली तर पडद्याच्या मध्यबिंदूवर किंवा भिंगाच्या ऐन मध्यावर काहीतरी आहे असं समजावं. दोन रुपयांच्याही किमतीचा नसलेला हा पुठ्ठा किती ठिकाणी ड्रॉवरमध्ये पडून असतो, आणि माणसाला थेट नंबर काढायच्या यंत्रासमोर बसवतात. यंत्र नंबर छापून देतं. तो नंबर घालून दिसतं का, हे त्याला कुणी विचारत नाही.

सगळ्यात वरचं मोठं अक्षरही दिसलं नाही की पेशंटला पुढे आणायचं. पाच मीटर, चार, तीन, दोन, एक. एका मीटरवरून ते दिसलं तर १/६०. तेही नाही तर बोटं मोजायला लावायची, बोटं नाही तर हात हलवून दाखवायचा, हात नाही तर टॉर्च. उजेड कळतो का, आणि कळत असेल तर तो कुठल्या बाजूने येतोय: वरून, खालून, नाकाकडून, कानाकडून. आजोबांना ही पूर्ण पायरी उतरावी लागली. दुसरा डोळा या वेळी पळीखाली, वर त्यांचा तळवा. बोटं नाहीत. समोर हलवलेला हात नाही. बाईंनी हात हळूहळू त्यांच्या डाव्या बाजूला नेला, पार कानापाशी. "इकडे," आजोबा म्हणाले, "इकडे काहीतरी हललं बेटा." काचबिंदू डोळ्याचं राज्य जिंकत येतो तेव्हा बहुतेक वेळा शेवटी उरते ती कानाकडची एक चिंचोळी पट्टी. नुसतं समोर हात हलवून 'काही दिसत नाही' असं लिहिणाऱ्याच्या हातून ती पट्टी सुटते.

मग बाईंनी खिडक्यांचे पडदे ओढायला लावले.

बाहुल्या तपासायला अंधुक उजेड लागतो आणि पेशंटची नजर लांबच्या भिंतीवर लागते. टॉर्च तोंडासमोर धरला आणि माणूस टॉर्चकडेच बघू लागला की बाहुल्या जवळचं बघताना होतात तशा आपसूक आक्रसतात आणि सगळी तपासणी वाया जाते. म्हणून टॉर्च खालून, थोडा बाजूने आणायचा. आपल्याकडच्या काळ्याभोर डोळ्यांत अंधारात बाहुलीची कड दिसतच नाही. त्यासाठी हनुवटीखालून दुसरा मंद दिवा धरतात. एका डोळ्यात उजेड टाकला की तो आक्रसतो आणि त्याच वेळी न उजळलेला दुसराही आक्रसतो, कारण दोन्ही बाहुल्यांना हुकूम एकाच कचेरीतून सुटतो. (दर पाच जणांतल्या एकाच्या दोन बाहुल्या जात्याच किंचित लहानमोठ्या असतात, तेवढ्यावरून घाबरू नये.) आता खरी परीक्षा. उजेड एका डोळ्यावर दोनतीन सेकंद, मग नाकाच्या दांडीवरून झटकन दुसऱ्यावर, तिथेही तितकाच वेळ, पुन्हा पहिल्यावर. झोपाळ्याच्या लयीत. दोन्ही नसा ठणठणीत असतील तर बाहुल्या लहानच राहतात. एक नस वाळलेली असेल तर चांगल्याकडून उजेड तिच्याकडे आला की बाहुली चक्क मोठी होते. उजेड पडतोय आणि दार उघडतंय. लंडनच्या मार्कस गन यांच्या नावाने ही खूण ओळखली जाते आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला ती उलटीच वाटते. तिचं मोल असं की ती पेशंटला काहीही विचारत नाही. पाठांतर, लाज, भीड, 'सगळं छान दिसतं हो' हा बडोदेकरी सौजन्याचा पवित्रा, कशाचाच तिच्यावर परिणाम होत नाही. मोतीबिंदू कितीही पिकलेला असो, त्याने ही खूण उमटत नाही. म्हणून 'मोतीबिंदू काढला की दिसेल' असं सांगण्यापूर्वी हा झोपाळा खेळवलाच पाहिजे, नाहीतर ऑपरेशननंतर रडायची पाळी येते. चुकतं कुठे? एका डोळ्यावर उजेड जास्त रेंगाळतो. टॉर्चचे सेल उतरलेले असतात. किंवा बाहुल्या मोठ्या करायचे थेंब आधीच पडलेले असतात आणि मग कुणालाच काही सांगता येत नाही. एक मर्यादाही ध्यानात ठेवायची: दोन्ही नसा सारख्याच बिघडल्या असतील तर फरक दिसणार नाही, आणि हा सगळा खेळ फरकाचाच आहे.

आजोबांच्या डाव्या डोळ्यात दार उघडलं.

नजरेचा घेर मोजायला यंत्र असतं, पण दोन खुर्च्या आणि दोन हातही बरंच काम करतात. समोरासमोर, मीटरभर अंतरावर, डोळे एका पातळीवर. पेशंटने डावा झाकायचा, तपासणाऱ्याने स्वतःचा उजवा मिटायचा, म्हणजे दोघांचा घेर एकमेकांवर बसतो. "माझ्या डोळ्यातच बघा," असं सांगून दोघांच्या बरोबर मध्यावर, चारही कोपऱ्यांत आळीपाळीने बोटं दाखवायची. एक, दोन किंवा पाच. तीन-चार दाखवू नयेत, त्यांच्यात मुळातच गोंधळ होतो. नजर बोटांकडे पळते हा मनुष्यस्वभाव आहे. पळाली की तो कोपरा पुन्हा घ्यायचा. निरोगी डोळ्याला कानाच्या बाजूला ९० अंशांच्याही किंचित पलीकडे दिसतं, नाकाकडे आणि वर ६० च्या आसपास, खाली ७० ते ७५. नाक, भुवई मध्ये येतात, म्हणून. कानाकडे १५ अंशांवर प्रत्येकाच्या डोळ्यात एक आंधळा ठिपका असतो, नस जिथून आत शिरते तिथला, आणि तोही आपल्याला कधी जाणवत नाही, कारण दुसरा डोळा तो भरून काढतो. पुन्हा तेच एकत्र कुटुंब. बोटांच्या तपासणीला फक्त मोठी भगदाडं सापडतात. काचबिंदूची सुरुवात तिला कळत नाही, तिथे यंत्रच हवं.

रंगांचं थोडक्यात. शिनोबू इशिहारा यांनी १९१७ साली काढलेल्या ठिपक्यांच्या पाट्या पाऊण मीटरवरून, दिवसाच्या उजेडात, प्रत्येकी तीनचार सेकंद दाखवायच्या. पहिल्या पाटीवरचा १२ सगळ्यांना दिसतो. तो ज्याला दिसत नाही त्याला एकतर नजर नाही किंवा तपासणी नको आहे. मुलाखतीआधीची तपासणी म्हणून दोन्ही डोळे उघडे ठेवून ती उरकतात. जन्मजात दोषासाठी ते ठीक, पण नसेच्या आजारात एका डोळ्याचा लाल रंग आधी फिका पडतो. तिथेही एकेक डोळा झाकूनच बघायचं. औषधाच्या बाटलीचं लाल झाकण हातात असेल तरी पुरे: या डोळ्याने कुंकवासारखं दिसतं की विटकरी?

लहान मुलाला तक्ता नाही, आणि बोलून तर काहीच नाही. तिथे झाकणं हीच भाषा. आईच्या मांडीवरच्या बाळासमोर खुळखुळा धरायचा आणि हळूच एक डोळा झाकायचा. बाळ खुशाल बघत राहिलं तर उघडा डोळा कामाचा आहे. रडलं, हात झटकला, मान फिरवली, तर आपण त्याचा एकुलता एक चांगला डोळा झाकला आहे. मग दुसरा झाकायचा. तेव्हा ते गप्प राहतं आणि उत्तर मिळतं. "हात लावलेला आवडत नाही त्याला" असं आजी म्हणते, पण आवडनिवड एकाच डोळ्यापुरती नसते. तिरळेपणाही असाच सापडतो: मूल खेळण्याकडे टक लावून असताना एक डोळा झाकला आणि उघडा असलेला डोळा जागचा हलून नेमका बसला, तर तो आधी भलतीकडे बघत होता. आळशी डोळ्यावर उपाय साताआठ वर्षांच्या आत सुरू झाला तर फळ चांगलं मिळतं. त्यासाठीची पट्टी अर्थातच चांगल्या डोळ्यावर. हे घरच्यांना पटवणं हीच मोठी शस्त्रक्रिया.

या सगळ्याला एक क्रम आहे: आधी नजर, मग बाहुल्या, मग थेंब. क्रम मोडायचा तो एकाच वेळी. तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची ट्यूब मुलं पिळतात, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात जातो. अशा वेळी तक्ता, नाव, केसपेपर सगळं बाजूला. आधी पाणी. नळाचं स्वच्छ पाणी चालतं, सलाईन शोधत बसू नये. निदान अर्धा तास धुवायचं, आणि वरची पापणी उलटून तिच्या आत अडकलेले चुन्याचे कण कापसाच्या काडीने काढायचे. ते राहिले तर धुतल्यावरही डोळा जळत राहतो. पापणी उलटायचं तंत्र सोपं आहे: खाली बघायला सांगायचं, पापणीचे केस धरून पापणी पुढे ओढायची, वरून काडीचा हलका टेकू, आणि घडी घालावी तशी परतायची. पेशंटने वर बघितलं की ती आपोआप सुटते. याच्या अगदी उलट उत्तरायणाचे दिवस. मांजा किंवा पतंगाची काडी लागलेला डोळा येतो आणि बाहुली गोल नसून थेंबासारखी एका बाजूला ओढलेली दिसते. तिथे धुणं नाही, दाबणं नाही, पापणी उलटणं नाही, डोळ्याचा दाब मोजणं तर नाहीच. कागदी कपाचं बूड डोळ्याभोवतीच्या हाडावर टेकेल असं चिकटवायचं आणि ऑपरेशनची सोय असेल तिथे धाडायचं.

थेंब टाकण्यापूर्वी आणखी एक अर्ध्या मिनिटाचं काम असतं, जे घाईत राहून जातं. टॉर्च कानाच्या बाजूने, अगदी आडवा धरायचा. बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा सपाट असेल तर उजेड नाकाकडच्या कडेपर्यंत पोचतो. तो पुढे फुगलेला असेल तर नाकाकडचा भाग सावलीत राहतो. म्हणजे आतली जागा अरुंद. अशा डोळ्यात बाहुली मोठी करायचे थेंब टाकले तर डोळ्याच्या आतल्या पाण्याचा निचरा बंद होऊन दाब एकाएकी चढू शकतो: डोळा लाल, डोकं फुटेल असं दुखणं आणि उलट्या. उलट्यांवर सगळ्यांचं लक्ष जातं, पित्ताचं औषध मिळतं, आणि डोळा रात्रीत जातो. सावली नसेल तर ट्रॉपिकामाइडचे थेंब. वीस ते तीस मिनिटांत बाहुली मोठी होते आणि चारसहा तास तशीच राहते. त्या वेळात वाचता येत नाही, ऊन सोसवत नाही. "स्कूटरवर आलात का?" हे थेंब टाकण्याआधी विचारायचं असतं, नंतर नाही.

दाबाचं म्हणाल तर साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा हा सर्वसाधारण पट्टा. गोल्डमान यांच्या यंत्राने बुबुळाचा ३.०६ मिलिमीटर व्यासाचा गोल सपाट करायला किती जोर लागतो ते मोजतात. श्वास रोखून धरला, डोळे घट्ट मिटले, कॉलर आवळलेली असली की आकडा फुगतो. बुबुळ पातळ असेल तर कमी येतो. आणि आकडा चांगला आला म्हणून काचबिंदू नाही असंही नसतं. म्हणून शेवटी आत डोकवावंच लागतं. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याच्या आत बघायचं यंत्र मांडलं, त्याचाच वंशज आजचा ऑफ्थॅल्मोस्कोप. पेशंटचा उजवा डोळा तपासणाऱ्याने उजव्या हाताने, उजव्याच डोळ्याने बघायचा, नाहीतर नाकाला नाक घासतं. आधी हातभर अंतरावरून बाहुलीतली लाल चमक. ती काळवंडली असेल तर वाटेत काहीतरी आहे. मग कानाच्या बाजूने पंधराएक अंशांनी तिरकं, जवळ जवळ, पार श्वास लागेल इतकं जवळ. (सकाळी फोडणीतला लसूण टाळावा.) खिडकी इतकी लहान की एका वेळी पडद्याचा चतकोरही दिसत नाही. एखादी रक्तवाहिनी सापडली की तिच्या फाट्यांच्या उलट दिशेने जायचं, ओढ्याकाठाने विश्वामित्री नदी गाठावी तसं, म्हणजे नसेचं गोल तोंड येतं. कडा स्पष्ट आहे का, रंग गुलाबीसर की पांढुरका, मधला खळगा केवढा. खळगा साधारण तिसरा हिस्सा असतो. आजोबांच्या डाव्या डोळ्यात तो काठाला येऊन भिडला होता. उजव्यातही तो असायला हवा त्याहून मोठा होता, आणि बाईंनी कागदावर सगळ्यात जास्त मजकूर त्या उजव्या डोळ्याबद्दलच लिहिला. बरोबरच होतं, राखायचा होता तो उजवाच. काचबिंदूत गेलेलं परत येत नाही. मग त्यांनी विचारलं, "काका, भाऊ-बहीण आहेत? मुलं किती?" काचबिंदू घराण्यातून उतरतो, म्हणून हा प्रश्नही तपासणीतलाच.

आजोबांनी पत्ता सांगितला, मोठ्या कार्डावर तारीख लिहून घेतली, पेन खिशाला लावलं. डावीकडून बाक लागेल म्हणून त्यांनी जाताना हात पुढे केला नाही, तशी त्यांना कधी गरजच पडली नव्हती. किंचित मान वळवून ते नेहमीसारखे निघून गेले. पुढचं नाव पुकारायला थोडा वेळ गेला. तेवढ्यात बाकावर हालचाल सुरू झाली. कुणी पंख्याकडे बघत होतं, कुणी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे, एक काकू समोरच्या काकूंकडे. प्रत्येकाचा एक हात डोळ्यावर.

निम्म्यांच्या बोटांत फट होती.